घरात पाणी शिरून फरशी गेली? विम्याचे पैसे असे मागा

फरशी भिजली म्हणून विमा कंपनी पैसे देत नाही. ती कशानं भिजली ते पाहून देते. पाइप फुटला, टाकी भरून वाहिली, गीझरची जोडणी सुटली, रस्त्यावरचं पाणी घरात शिरलं, तर क्लेम उभा राहतो. भिंतीतून ओल येत होती, वरच्या बाथरूममधून दोन वर्षं ठिबकत होतं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग संपलं होतं, तर ती देखभाल समजली जाते. देखभालीचा खर्च तुमचा. क्लेम फेटाळले जातात ते बहुतांशी याच एका मुद्द्यावर. म्हणून फरशीवाल्याला फोन करण्याआधी प्लंबरला बोलवा आणि पाणी नेमकं कुठून आलं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

तुमच्याकडे नक्की कोणता विमा आहे?

गृहकर्ज घेताना बँकेनं ‘इन्शुरन्स’ म्हणून जे कापलं, तो अनेकदा कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो, घराचा नसतो. कागद काढून पाहा. त्यावर ‘भारत गृह रक्षा’ असं लिहिलेलं असेल तर तो घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून ही पॉलिसी विकणं सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक आहे आणि तिची मूळ शब्दरचना सगळ्यांकडे सारखी असते. काही कंपन्या स्वतःच्या नावाची पॅकेज पॉलिसीही विकतात. तिच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्यामुळे खाली दिलेला प्रत्येक मुद्दा तुमच्या शेड्यूलशी ताडून पाहा. शेड्यूल म्हणजे पॉलिसीच्या सुरुवातीची एक-दोन पानं. नाव, पत्ता, रक्कम, कोणतं संरक्षण घेतलं आणि कोणतं नाही, हे सगळं तिथं असतं.

भारत गृह रक्षामध्ये पाण्याशी संबंधित घटना तीन गटांत येतात. वादळ, चक्रीवादळ, पूर आणि पाणी तुंबणं हा पहिला. पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं हा दुसरा. आग विझवण्यासाठी छताला बसवलेल्या स्वयंचलित स्प्रिंकलरमधून झालेली गळती हा तिसरा. फरशीचे क्लेम मुख्यतः पहिल्या दोन गटांतले असतात.

जमिनीला, भिंतीला किंवा छताला कायमची बसवलेली वस्तू ‘इमारती’त मोडते. टाइल्स, मार्बल, शहाबादी, चिकटवलेलं व्हिनाइल, लॅमिनेटची लाकडी फरशी, स्कर्टिंग, भिंतीतलं कपाट, सगळं इमारतीत. गालिचा, सुटी चटई, पलंग, गादी, फ्रिज हे ‘घरातल्या वस्तूं’त. इमारतीची विमा रक्कम बाजारभावावर ठरत नाही. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च, असा तिचा हिशेब असतो. समजा तुमचा फ्लॅट ६५० चौरस फुटांचा आहे आणि बांधकामाचा दर अडीच हजार रुपये धरला आहे, तर रक्कम १६ लाख २५ हजार. वस्तूंसाठी वेगळं काही सांगितलं नसेल तरी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरले जातात. या उदाहरणात ३ लाख २५ हजार. मात्र हप्ता कमी करण्यासाठी कुणी वस्तूंचं संरक्षण काढून टाकलं असेल तर गादी-गालिच्याचे पैसे मागता येणार नाहीत.

भाड्यानं राहत असाल तर फरशी घरमालकाची, क्लेमही त्याचा. तुम्ही फक्त तुमच्या वस्तूंचा विमा काढू शकता. पाणी शिरलं की घरमालकाला त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर डिपॉझिटमधून फरशीचे पैसे कापले जातील.

पहिल्या दिवशी काय कराल

कॉक बंद करा. पाणी स्विचबोर्डपर्यंत आलं असेल तर मेन स्विच पाडा. मग मोबाइल काढा.

पाणी उपसण्याआधी व्हिडिओ घ्या. दारापासून सुरुवात करून एका सलग फेरीत सगळ्या खोल्या घ्या, पाणी कुठून येतंय ते घ्या, भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल तर शेजारी टेप धरून फोटो काढा. फुटलेला पाइप, तुटलेला वायसर, सुटलेली फ्लशटँकची नळी जवळून टिपा आणि तो तुकडा पिशवीत घालून जपून ठेवा. प्लंबर जुना भाग सवयीनं घेऊन जातो. त्याला नेऊ देऊ नका, तो तुमच्या क्लेममधला सगळ्यात बोलका पुरावा आहे.

मग पाणी काढा. नुकसान वाढू न देणं हीसुद्धा पॉलिसीची अट आहे. ‘सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही’ म्हणून चार दिवस पाण्यात फरशी भिजत ठेवलीत, तर त्या चार दिवसांत वाढलेलं नुकसान कंपनी तुमच्या माथी मारू शकते. पाणी काढा, पंखे लावा, खिडक्या उघडा, पलंग-कपाटांखाली विटा सरकवा. मात्र फरशी उखडू नका. लॅमिनेटची एखादी पट्टी उचलून खालचा फोम आणि कोबा किती भिजलाय त्याचा फोटो घेणं चालेल. उखडणं भागच पडलं तर आधी फोटो काढा, कंपनीला ईमेलनं कळवा आणि निघालेले तुकडे कोपऱ्यात रचून ठेवा. सोसायटीवाले राडारोड्यावरून कटकट करतील, थोडी सहन करा. सर्व्हे होण्याआधी माल फेकला तर ‘नुकसान पाहायला मिळालं नाही’ एवढं वाक्य क्लेम कापायला पुरतं.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. टोल फ्री नंबरवर फोन करून क्लेम नंबर घ्या आणि लगेच ईमेलही पाठवा. फोनवर काय बोललात त्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही, ईमेलचा राहतो. ईमेलमध्ये एवढं पुरे : पॉलिसी नंबर, पत्ता, घटना केव्हा लक्षात आली, पाणी कुठून आलं, कोणत्या खोल्यांची अंदाजे किती चौरस फूट फरशी बिघडली, इतर काय भिजलं, दुसरी कुठली विमा पॉलिसी आहे का, आणि फोटो. भरलेला क्लेम फॉर्म नुकसान पहिल्यांदा लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. घर बंद असेल, तुम्ही परदेशात असाल आणि शेजाऱ्यानं कळवलं असेल, तर त्याचा मेसेज जपून ठेवा. तुम्हाला केव्हा कळलं ते त्यावरून ठरतं.

शब्द जपून वापरा. ‘लीकेज होतं’, ‘ओल आली’, ‘पाणी झिरपतंय’ असं आपण सैलपणे बोलतो. कंपनी ते शब्दशः वाचते. पाइप फुटला असेल तर ‘पाइप फुटला’ असंच लिहा, कुठला, कुठे, किती वाजता. याची दुसरी बाजूही तेवढीच कडक आहे : जुनी गळती असताना ‘कालच पाइप फुटला’ असं लिहू नका. टाइलच्या सांध्यातली काळी बुरशी, स्कर्टिंगमागचे क्षार, प्लास्टरची पापुद्री पाहून सर्व्हेअरला पाणी किती जुनं ते कळतं. खोटी माहिती दिल्याचं निघालं तर फरशीचे पैसे जातातच, अख्खी पॉलिसीही धोक्यात येते.

कागदपत्रं

पॉलिसी आणि हप्त्याची पावती. क्लेम फॉर्म. पॅन, आधार, रद्द केलेला चेक. घर तुमचं असल्याचा पुरावा : इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, यांतलं जे असेल ते. प्लंबरचा लेखी रिपोर्ट आणि बिल. सोसायटीचं पत्र. दुरुस्तीचं एस्टिमेट, शक्यतो दोघांकडून. जुनी फरशी बसवल्याचं बिल मिळालं तर उत्तम, नाहीतर गृहप्रवेशाचे, बारशाचे, दिवाळीचे जुने फोटो शोधा. फरशी चांगल्या अवस्थेत होती हे त्यांतून दिसतं.

सोसायटीचं पत्र लोक विसरतात. सेक्रेटरीकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या : अमुक तारखेला अमुक फ्लॅटमधला किंवा सामाईक पाइप फुटला, पाणी तुमच्या फ्लॅटमध्ये गेलं, अमुक वाजता व्हॉल्व्ह बंद केला. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद असेल तर तिचा फोटो जोडा.

पुराचं पाणी असेल तर तलाठ्याचा पंचनामा, महापालिकेची किंवा नगरपालिकेची नोंद, वर्तमानपत्राचं कात्रण आणि तुमच्या गल्लीतल्या पाण्याचे फोटो जोडा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला किंवा जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा घटना सिद्ध करायला कुणाला फारसे सायास पडले नसतील. अडचण येते ती एका गल्लीपुरतं पाणी तुंबतं तेव्हा. चेंबर उफाळून तळमजल्यावर पाणी आलं तर घरातल्या फोटोंइतकेच रस्त्यावरचे फोटो महत्त्वाचे, नाहीतर ‘तुमची ड्रेनेज लाइन तुंबली होती’ असं म्हणायला जागा राहते. पंचनाम्यानंतर मिळणारी सरकारी मदत वेगळी, विमा वेगळा. एकासाठी दुसऱ्याचा अर्ज थांबवू नका.

कागद मागण्यालाही मर्यादा आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेमशी थेट संबंध असलेली आणि आवश्यक तेवढीच कागदपत्रं कंपनीनं मागायची, आणि केवळ कागद नाही म्हणून क्लेम फेटाळायचा नाही. रोज एक नवा कागद मागितला जात असेल तर ‘उरलेल्या कागदांची एकत्र यादी द्या’ असा ईमेल टाका. अशा ईमेलनंतर मागण्या आटोपतात.

सर्व्हेअर येतो तेव्हा

सर्व्हेअरची फी विमा कंपनी देते. तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही, पेट्रोलचासुद्धा नाही. एक लाखाच्या खालच्या नुकसानाला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच असं नाही. कंपनी स्वतःचा माणूस पाठवते किंवा व्हिडिओ कॉलवर पाहते. व्हिडिओ कॉल असेल तर दिवसा घ्या, आणि फरशीचा आवाज ऐकवा. पोकळ टाइल नाण्यानं ठोकली की भद्द वाजते, पक्की बसलेली टणटणते. खडूनं पोकळ टाइल्सवर फुल्या मारून ठेवा आणि मोजून लिहा.

फरशीच्या प्रकाराप्रमाणे वाद बदलतो. लॅमिनेटचा क्लेम त्यातल्या त्यात सोपा. दाबलेल्या लाकडी भुश्शाची पट्टी पाणी पिते, सांधे फुगतात, ती पुन्हा बसत नाही. डोळ्यांना दिसतं. मार्बल पिवळं पडतं, पण ‘पॉलिश करून जाईल’ असं ऐकायला मिळेल. पॉलिशवाल्याकडून लिहून घ्या की डाग वरवरचा आहे की दगडात उतरलाय. सगळ्यात जास्त भांडण होतं ते व्हिट्रिफाइड टाइल्सवर. त्या पाणी जवळपास शोषतच नाहीत. बिघडतो तो खालचा रेती-सिमेंटचा थर, मग टाइल्स पोकळ होतात किंवा तंबूसारख्या वर उचलल्या जातात. पण सांध्यांत गॅप न ठेवता बसवलेल्या टाइल्स पाणी नसतानाही उष्णतेनं उचलल्या जातात, आणि ‘हा बसवण्यातला दोष आहे’ हे सर्व्हेअरचं नेहमीचं उत्तर. त्यावर उपाय एकच. एक उचललेली टाइल त्याच्यासमोर काढा आणि खालचा ओला थर दाखवा. सुकल्यानंतर दाखवून उपयोग नाही, म्हणून लवकर बोलवा. ज्या खोलीत पाणी गेलं नाही तिथल्या टाइल्स पक्क्या आहेत, हेही दाखवा.

सर्व्हेअरनं मोजलेलं क्षेत्रफळ तिथल्या तिथे विचारा आणि संध्याकाळी ईमेलनं पाठवा : ‘आज तुम्ही हॉलमधलं ५६ आणि बेडरूममधलं १२० चौरस फूट मोजलंत.’ पुढे रिपोर्टमध्ये आकडा घसरला तर हा ईमेल कामाला येतो. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा.

एस्टिमेट कसं बनवून घ्यायचं

‘फ्लोअरिंग दुरुस्ती, एकूण ४५ हजार’ अशी एका ओळीची चिठ्ठी आणू नका. ओळीगणिक फोड हवी. दर गावोगाव आणि मालाप्रमाणे बदलतात, तरी ढाचा कळावा म्हणून एक हिशेब. १० बाय १२ ची बेडरूम, १२० चौरस फूट लॅमिनेट. जुनं काढण्याची मजुरी १२ रुपयांनी १,४४०. नवा माल फोमसकट, तुटफुटीसह १३० चौरस फूट, १३० रुपयांनी १६,९००. बसवण्याची मजुरी २० रुपयांनी २,४००. स्कर्टिंग ४१ फूट, ६० रुपयांनी २,४६०. इथवर २३,२००. कपाट-पलंग हलवणं २,०००, राडारोडा उचलणं १,५००. एकूण २६,७००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,८०६. म्हणजे ३१,५०६.

आता यातलं काय गळतं ते पाहा.

राडारोडा उचलण्यासाठी भारत गृह रक्षामध्ये क्लेमच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतात. पंचवीस हजारांच्या क्लेमवर पाचशे रुपये. टेम्पो पाचशेत येत नाही. बिघडलेली फरशी उखडणं हा दुरुस्तीचाच भाग आहे, म्हणून उखडण्याची मजुरी आणि वाहून नेण्याचा खर्च वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. एकत्र लिहिलात तर दोन्हींवर २ टक्क्यांची कात्री चालेल. कपाट हलवण्याचे पैसे मिळतीलच असं नाही, पण ओळ ठेवा.

जीएसटीचं बिल नसेल तर जीएसटी मिळणार नाही. मिस्त्री साध्या कागदावर बिल देणार असेल तर एस्टिमेटमध्येही कर दाखवू नका. ‘बिलाशिवाय घ्या, कर वाचेल’ हा दुकानदाराचा सल्ला क्लेम असताना महागात पडतो. मालाचं पक्कं बिल घ्या आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या.

वॉटरप्रूफिंग मिळत नाही. मिस्त्री ते हटकून सुचवतो आणि बऱ्याचदा ते गरजेचंही असतं. करून घ्या, पण वेगळ्या बिलावर. फुटलेला पाइप बदलण्याचं प्लंबिंगही वेगळ्या ओळीत ठेवा. तो पाइप आधीच गंजलेला होता असं म्हणून कंपनी पाइपचे पैसे कापेल, पण त्या वादात फरशीचे पैसे अडकायला नकोत.

दर्जावाढ मिळत नाही. साठ रुपयांच्या टाइलच्या जागी दीडशेची घेतलीत तर फरक तुमचा. पॉलिसी घर आधी होतं तसं करून देते. उलट इमारतीची फरशी दहा वर्षं जुनी आहे म्हणून भारत गृह रक्षामध्ये घसारा कापला जात असेल तर तिथं हटून बसा : पॉलिसी दुरुस्तीचा खर्च देते, जुन्या फरशीची आजची किंमत देत नाही. पॅकेज पॉलिसीत मात्र घसाऱ्याची आणि ‘एक्सेस’ची अट असू शकते. एक्सेस म्हणजे प्रत्येक क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम तुमची. ती पाच हजार असेल आणि नुकसान सहा हजारांचं, तर क्लेमच्या खटपटीत पडू नका.

मॅचिंगचा प्रश्न सगळ्यांनाच छळतो. दोनशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये दोन बाय दोनच्या चौदा टाइल्स उचलल्या. कंपनी छप्पन्न चौरस फुटांचे पैसे देऊ करते. तीच टाइल आता बाजारात नाही, आणि ठिगळ लावलेला हॉल तुम्हाला नको. पूर्ण हॉलचे पैसे मिळण्याची खात्री देता येत नाही, पण मागणी रास्त आहे. दोन विक्रेत्यांकडून ‘हे डिझाइन बंद झालं आहे’ असं लेखी घ्या आणि आधीसारखी अवस्था याशिवाय येत नाही असं मांडा. अनेकदा मधला आकडा निघतो. नवी फरशी घेताना एक-दोन बॉक्स जादा घेऊन ठेवा आणि बॉक्सवरच्या लेबलचा, डिझाइन आणि बॅच नंबरचा, फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी हे भांडण उरणार नाही.

आणखी एक छोटी कपात लोकांना कोड्यात टाकते. क्लेम दिल्यावर विमा रक्कम पुन्हा पूर्ववत होते, आणि त्या रकमेवर उरलेल्या काळाचा हप्ता कंपनी क्लेममधून वळता करून घेते. रक्कम किरकोळ असते आणि कपात नियमाला धरून आहे.

घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी घराचं भाडं देण्याची तरतूदही पॉलिसीत आहे. एका खोलीच्या फरशीसाठी ती लागू होत नाही. अख्खं घर पुरात गेलं, तर मात्र भाडेकरार आणि भाड्याच्या पावत्या जपा.

कर्ज चालू असेल आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर चेक आधी बँकेकडे जाऊ शकतो. हे मिस्त्रीला अॅडव्हान्स देण्याआधी तपासा. लहान रक्कम थेट तुम्हाला द्यायला बँक ना हरकत पत्र देऊ शकते. क्लेम मंजूर होईपर्यंत थांबू नका, कळवल्याच्या आठवड्यातच त्या पत्रासाठी बँकेकडे अर्ज टाका.

‘क्लेम पास करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे भेटतील. कुणी कॉन्ट्रॅक्टर असतो, कुणी स्वतःला कन्सल्टंट म्हणवतो. यांची खेळी एकच, बिल फुगवायचं. सही तुमची असते आणि फसवणुकीचा ठपकाही तुमच्यावरच येतो. क्लेम तयार करून देण्याची फी कंपनी भरून देत नाही. दुरुस्तीसाठी आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर लागला तर त्याच्या फीला क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत जागा आहे.

पाणी वरच्या फ्लॅटमधून आलं असेल तर

वरच्यांचा पाइप फुटला असेल तर तुमच्या फरशीसाठी तुम्ही तुमच्याच पॉलिसीवर क्लेम करू शकता. पण त्यांच्याकडून पैसे घेऊन ‘आमची आता काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. क्लेम दिल्यावर ती रक्कम दोषी माणसाकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही तो हक्क आधीच सोडून दिलात तर कंपनी तुमचेच पैसे रोखू शकते. त्यांनी काही भरपाई दिलीच तर ती क्लेममध्ये जाहीर करा. एकाच फरशीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. दोन पॉलिसी असल्या तरी तेच.

वरून हळूहळू झिरपत असेल तर विमा बाजूला ठेवा आणि सोसायटीकडे जा. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइप व ड्रेनेज लाइनची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, सोसायटीच्या खर्चानं. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम, सिंकच्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांचा. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सोसायटीनं इमारतीचा विमा काढला असेल तर त्याचीही प्रत मागा. सामाईक पाइप फुटला असेल तर सोसायटीच्या पॉलिसीतून काही मिळतं का ते पाहता येईल, पण तुम्ही स्वतः नंतर बसवलेल्या महागड्या फरशीचा त्यात समावेश असेल असं धरून चालू नका.

किती दिवस लागतात, आणि नाही म्हटलं तर

नियमानं कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. म्हणजे साधारण साडेतीन आठवडे. पूर आलेल्या गावात एकाच वेळी शेकडो क्लेम येतात, तिथं जास्त धरून चाला. उशीर कंपनीमुळे झाला तर बँक रेट अधिक २ टक्के दरानं व्याज मागता येतं. तुम्ही मागितलं नाहीत तर ते कुणी आठवणीनं देईल अशी अपेक्षा ठेवू नका.

पैसे देण्याआधी ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागतात. रक्कम कमी वाटत असेल तर सहीशेजारी ‘हक्क राखून, रक्कम मान्य नाही’ असं लिहा आणि फोटो काढून ठेवा. अशा सहीमुळे जास्त भरपाई मागण्याचा तुमचा हक्क संपत नाही, हे विमा नियामकानं २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे.

क्लेम फेटाळला तर कारण लेखी घ्या. पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली फेटाळला ते त्यात असायला हवं. पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची, ईमेलनं. सोबत ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. कंपनीनं नकार दिला, उत्तर समाधानकारक वाटलं नाही किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपाल. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. पुण्यात आणि मुंबईत लोकपालांची कार्यालयं आहेत. तुमचा जिल्हा कुणाकडे ते विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, तक्रार ऑनलाइनही करता येते. लोकपालानं तुमच्या बाजूनं निवाडा दिला आणि कंपनीनं ३० दिवसांत तो पाळला नाही, तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो.

ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा. तिथं दोन वर्षांची मुदत आहे. कोणत्या आयोगात जायचं ते तुम्ही भरलेल्या हप्त्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. त्यामुळे घराच्या विम्याचे खटले जिल्हा आयोगातच जातात, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं. लोकपालाकडे जाणार असाल तर आधी तिकडे जा. आयोगात प्रकरण सुरू झाल्यावर लोकपाल तीच तक्रार ऐकत नाहीत.